भजनी मंडळ : खेड्यातील तरुणांची संगीतशाळा

यवतमाळ जिल्ह्यात वणीच्या दक्षिणेस, झरी-जामणी तालुक्यात मुकुटबन हे गाव आहे. भोवताली कापसाची काळी जमीन, आणखी दक्षिणेस गेले की पैनगंगा, आणि तिच्या पलीकडे तेलंगण. या परिसरात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी आणि कोलामी याही भाषा कानी पडतात. अलीकडे येथे सिमेंटचा मोठा कारखाना उभा राहिला आहे; आगगाडीचे स्थानक तर आहेच. अशा गावात दिवस मावळल्यावर सोळा-सतरा वर्षांचा मुलगा काय करतो, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु त्या गावाचे पुढील चाळीस वर्षांचे भवितव्य पुष्कळ अंशी त्याच्या उत्तरात साठविलेले असते.

शाळा सुटलेली असते, शेतातील काम आटोपलेले असते, आणि खिशातील यंत्रात साऱ्या जगाचे गाणे भरलेले असते. गाणे ऐकावयास मिळत नाही अशी तक्रार आज कोणासही करता येणार नाही. परंतु ऐकणे निराळे आणि गाणे निराळे. पंगतीचा थाट दुरून पाहून कोणाचे पोट भरत नाही. तरुण मनास जे बळ मिळते ते स्वतःच्या कंठातून निघालेल्या आणि दुसऱ्याच्या स्वरात मिळालेल्या स्वराने मिळते. ही शिकवण देणारी एक संस्था महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पूर्वापार चालत आली आहे. तिला ना इमारत, ना वेतनपत्रक; आणि म्हणूनच कदाचित तिला कोणी शाळा म्हणत नाही. ती संस्था म्हणजे भजनी मंडळ.

तेथील अभ्यासक्रम पाहण्यासारखा असतो. नवख्या मुलाच्या हाती प्रथम झांज किंवा टाळ येतो. हे वाद्य दिसावयास सोपे, परंतु मोठे निर्दय. पेटीवाल्याचा एखादा स्वर चुकला तर तो इतरांच्या आवाजात लपतो. टाळ चुकला की साऱ्या देवळाच्या माना वळतात! भजनी ठेक्याच्या आठ मात्रा त्या मुलाच्या मनगटात मुरेपर्यंत काही महिने जातात. पुढे तो मुख्य गायकाच्या मागे री ओढू लागतो. व्यवहारात ‘री ओढणे’ या शब्दास कमीपणा आला आहे. परंतु भजनात चांगली री ओढावयाची म्हणजे पुढच्याचा श्वास ओळखावा लागतो, त्याची पट्टी सांभाळावी लागते, आणि आपला आवाज त्याच्यापेक्षा वर चढू न देण्याचा संयम ठेवावा लागतो. हे तिन्ही गुण ज्यास साधले, तो कोणत्याही कचेरीत, कारखान्यात अथवा सहकारी संस्थेत उपयोगी पडल्यावाचून राहत नाही.

संगीत हे सर्वांस शिकविता येते आणि शिकविले पाहिजे, हा विचार महाराष्ट्राने हिंदुस्थानास दिला, असे म्हणण्यास हरकत नाही. कुरुंदवाडास १८७२ साली जन्मलेले विष्णु दिगंबर पलुस्कर यांची दृष्टी बालपणी दारूकामाच्या अपघातात अधू झाली. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ त्यांनी विद्या संपादन केली आणि १९०१ साली दूर लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. तोपर्यंत गाणे हे बहुधा संस्थानिकांच्या आश्रयास आणि उस्तादाच्या मर्जीस बांधलेले असे. पलुस्करांनी त्यास वर्ग दिला, वेळापत्रक दिले, स्वरलिपीत छापलेली पुस्तके दिली आणि परीक्षा दिली. १९०८ साली त्यांनी मुंबईस विद्यालय काढले. पुढे तेथील इमारत कर्जापायी हातची गेली. परंतु शिष्य गेले नाहीत. १९३१ साली गुरूचा देहान्त झाला आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. त्या मंडळाच्या परीक्षा आजही गावोगावच्या केंद्रांत घेतल्या जातात.

पलुस्करांच्या शिष्यांपैकी नारायण मोरेश्वर खरे यांचे उदाहरण प्रस्तुत विषयास विशेष लागू पडते. मैफली गाजविण्याचे सोडून ते साबरमतीच्या आश्रमात गेले, आणि ज्यांना स्वरज्ञान नाही अशा आश्रमवासीयांस त्यांनी प्रार्थना व भजने शिकविली. १९३० साली दांडीच्या वाटेवर चालणाऱ्या निवडक सत्याग्रहींत तेही होते. शास्त्र शिकलेला गवई सामान्य जनांच्या रांगेत बसला, म्हणजे सुराचे सामर्थ्य किती वाढते, हे त्यांनी दाखवून दिले.

विदर्भात हेच कार्य निराळ्या वाटेने झाले. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ साली जन्मलेले तुकडोजी महाराज प्राथमिक शाळेपलीकडे शिकले नाहीत, आणि त्यांनी कोणत्याही संगीतविद्यालयाची परीक्षा दिली नाही. त्यांचे विद्यालय म्हणजे हातातील खंजिरी. १९३५ साली त्यांनी मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापिला. खंजिरीच्या तालावर मराठीत आणि हिंदीत भजने गात त्यांनी व्यसनांवर, अस्पृश्यतेवर आणि गावाच्या अस्वच्छतेवर बोट ठेविले. त्या भजनांचा परिणाम असा की १९४२ च्या लढ्यात सरकारने त्यांस कारागृहात टाकले. निव्वळ करमणुकीच्या गाण्याचे भय कोणत्याही राज्यकर्त्यास वाटत नाही! श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांतून त्यांनी सामुदायिक प्रार्थनेची प्रथा रूढ केली. लहानथोरांनी, जातपात विसरून, ओळीने बसावे आणि एका सुरात म्हणावे, एवढेच तिचे बाह्य स्वरूप. परंतु ज्या गावात एका ओळीत पाणी भरणेही पूर्वी शक्य नव्हते, तेथे ही ओळ म्हणजे लहानशी क्रांतीच होती. २००५ साली नागपूर विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या पुरुषाचे नाव विद्यापीठाच्या पाटीवर यावे, यातील बोध तरुणांनी ध्यानी घेण्याजोगा आहे.

या दोन परंपरांचा मेळ मात्र अद्याप पुरता पडलेला नाही. पलुस्करांच्या परंपरेत शास्त्र आहे, क्रम आहे. परंतु तिची केंद्रे मुख्यतः शहरांत आणि तालुक्याच्या गावांत राहिली. भजनी मंडळात मोकळीक आहे, आपलेपणा आहे. परंतु पुष्कळ ठिकाणी शिकविण्याचा क्रम नाही. जुने गडी बसतात, तरुण पोर दारात उभे राहून पाहते, आणि पाहता पाहता निघून जाते. त्यास आत बोलाविणारा कोणी नसतो.

जगात अन्यत्रही हा प्रश्न उभा राहिला आहे. दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएला देशात, काराकास शहरी, होसे आंतोनिओ आब्रेउ या अर्थशास्त्रज्ञ संगीतकाराने १९७५ साली मोजक्या मुलांचा एक वाद्यवृंद जमविला. अगोदर एकट्याने वर्षानुवर्षे तयारी, मग वृंदात प्रवेश, हा रूढ क्रम तेथे उलटा करण्यात आला. मुलास पहिल्यापासूनच वृंदात बसवावयाचे आणि शेजाऱ्याकडून शिकू द्यावयाचे. त्या प्रयोगाचा विस्तार पुढे देशभर झाला. त्यास व्हायोलिने लागली, सरकारी द्रव्य लागले. भजनी मंडळाची रीत मुळात हीच आहे, आणि तिला खंजिरी, टाळ, ढोलकी व एक जुनी पेटी पुरते.

मुकुटबनसारख्या गावी काय करता येईल? आठवड्यातील दोन सायंकाळी शाळेची एक खोली उघडावी. गाणे जाणणाऱ्या एखाद्या वृद्धाने ठेका हातावर मोजून दाखवावा; तालुक्याच्या ठिकाणी परीक्षा दिलेल्या एखाद्या तरुणाने सा ओळखावयास शिकवावा. मुलींस मागल्या बाकावर नव्हे, पेटीपाशी जागा असावी. गोंड व कोलाम वस्त्यांतील मुलांस ‘आमचे गाणे शिका’ एवढेच सांगू नये. त्यांच्या ढोलाचा ताल आणि दिवाळीच्या सुमारास रंगणारी दंडार इतरांनीही शिकावी. जो केवळ विद्यार्थी म्हणून येतो तो लवकर कंटाळतो. ज्यास काही शिकविण्याचा मान मिळतो तो टिकतो.

यात एक गंभीर गोष्ट गुंतलेली आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे या जिल्ह्याचे नाव देशभर पोहोचले. २००६ साली विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी केंद्राने मदत जाहीर केली, त्यांत यवतमाळ होता. भजनाने कर्ज फिटत नाही, बोंडअळी मरत नाही आणि कापसास भावही येत नाही. तसे सांगणारा भोळा तरी असेल किंवा लबाड तरी. परंतु संकट एकट्यास गाठते तेव्हा ते दुप्पट होते, हेही तितकेच खरे. शाळेत गैरहजेरीची नोंद पटावर होते आणि पट कपाटात जातो. मंडळात तसे नसते. रोजच्या दहा टाळांपैकी एक वाजला नाही, तर ते बाकीच्या नऊ जणांस तत्काळ ऐकू येते. मग कोणीतरी कंदील किंवा विजेरी घेऊन उठतो आणि ‘आज का आला नाहीस रे?’ असे विचारावयास त्याच्या घरी जातो.

ज्या तरुणाच्या दारी असे विचारावयास कोणी येते, तो गावात एकटा नसतो.