गोठ्यातून जंगलात, जंगलातून घरात



2020च्या सप्टेंबरात आपण सगळे करोनाच्या धास्तीत होतो, तेव्हा पालघरच्या प्रशासनाने आणखी एका तापाचा इशारा दिला होता. गुजरातेत काँगो तापाचे रुग्ण सापडले होते आणि तलासरीपलीकडून गुरांची ये-जा तर रोजचीच. बोईसरच्या धावपळीत ती बातमी विरून गेली. माझ्या मनातून मात्र ती गेली नाही, कारण या तापाचा वाहक आपल्या गोठ्यांतल्या गोचिडांच्याच कुळातला आहे. त्याचा विषाणू गुराच्या रक्तात काही दिवस राहतो, पण गुरू ठणठणीत दिसतं. तोच विषाणू माणसाचा जीव घेऊ शकतो. असं का, हे आज मला सांगायचं आहे, आणि त्यासाठी मी तुम्हाला जरा दक्षिणेला नेणार आहे.

2015 साली गोव्याच्या सत्तरीत आणि 2016 साली सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात गोचिडांतूनच पसरणारा दुसरा ताप, माकडताप, आला. काजूच्या हंगामात बागेत आणि रानात राबणारी माणसं आजारी पडली. या तापाची पहिली ओळख 1957ची. शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात आधी वानरं आणि लालतोंडी माकडं मरून पडू लागली, मग गावकरी तापाने फणफणले. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतले, शास्त्रज्ञ तिथे पोचले. माकडं मरताहेत म्हणून पहिला संशय पीतज्वराचा आला. निघाला मात्र रशियातल्या जंगलांत गोचीड पसरवतात त्या विषाणूंचा भाऊबंद. मग इतक्या लांबून पक्ष्यांनी तर तो आणला नाही ना? या शंकेपोटी जागतिक आरोग्य संघटनेने पैसा दिला आणि 1959पासून सालिम अलींच्या नेतृत्वाखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घातली. पक्ष्यांवरचा आरोप सिद्ध झाला नाही. पण चिंचणी-डहाणूच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात उतरतात तशा पाहुण्या पक्ष्यांच्या वाटा आपल्याला कळू लागल्या, त्या एका तापामुळे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आता विषाणूच्या बाजूने पाहू. गोचिडाच्या अंगात तो महिनोन्महिने टिकतो. उंदीर, चिचुंद्री यांच्या रक्तात थोडे दिवस मुक्काम, तेवढ्यात दुसरा गोचीड चावतो आणि त्याचा प्रवास पुढे चालू. रोग जुना झाला की आपोआप सौम्य होतो, असं आपण सर्रास म्हणतो. ते तसं नाही. ज्या प्राण्यातून पुढची वाट मिळते, त्या प्राण्यातच नैसर्गिक निवड विषाणूला घडवते, कारण तो प्राणी फार लवकर मेला तर वाटही बुडते. माणूस ही या विषाणूची बंद गल्ली आहे. आपल्या रक्तातून तो गोचिडाकडे परतत नाही. आपल्याशी जपून वागायला त्याला शिकवणारं कुणीच नाही, आणि शंभर रुग्णांमागे तीन ते पाच जण दगावतात.

माकडाचं तसं नाही. त्याच्या रक्तात विषाणू भरमसाट वाढतो, त्याच्यावरच्या गोचिडांना लागण होते, आणि ते स्वतः मरतं. शव थंड झालं की गोचीड त्याला सोडून आसपासच्या पाचोळ्यात उतरतात. रानात मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवा. आणि माकडांना कृपा करून हाकलू नका, मारू नका. या तापाचे पहिले बळी तेच आहेत.

मग गोचीड वाढतात कशावर? कोलंबियाचे संशोधक बोशेल यांनी क्यासनूरच्या भोवती याचाच माग काढला. जंगल तोडून शेतं झाली, शेतांबरोबर गुरं वाढली, गुरं उरलेल्या रानात चरायला गेली. पावसाळ्यात पूर्ण वाढलेल्या गोचिडीला गाईचं रक्त पोटभर मिळतं. ती गळून पडते, पाचोळ्यात हजारोंनी अंडी घालते. पावसाळ्यानंतर त्यांतून निघालेली पिल्लं उंदरांवर चढतात, तिथे विषाणू घेतात. डिसेंबरपासून ती खसखशीएवढी अर्धवट वाढलेली पिल्लं माकडाला आणि माणसाला चावतात. नेमके तेच महिने लाकूडफाट्याचे, पातेरा गोळा करण्याचे आणि काजूचे. गाय स्वतः या विषाणूला फारसा थारा देत नाही, तिचं दूध पिऊन हा ताप येत नाही. ती फक्त गोचिडांचं पोट भरते, आणि संध्याकाळी त्यांतले काही अंगावर घेऊन घरी येते.