आधी कोण धावले?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. कायद्याच्या गोष्टी मी काय सांगणार, असे कुणाच्या मनात आले तर ते रास्तच आहे. पण दिवाळीनंतर आपल्या आळीत रात्रीची गस्त सुरू झाली आणि तिच्यात माझा मुलगाही जातो, म्हणून हा विषय मी मागून घेतला. माझा भाचा वकिली करतो, त्याच्याकडून समजून घेतले आहे. काही चुकले तर बोल मला लावावा, त्याला नको.

गोष्ट अमेरिकेतली आहे. फ्लॉरिडा राज्यात सॅनफर्ड नावाचे गाव. तिथल्या एका कुंपणाच्या वसाहतीत चोऱ्या होऊ लागल्या, म्हणून रहिवाशांनी २०११ साली आपल्यासारखाच पहारा बसवला. जॉर्ज झिमरमन हा २८ वर्षांचा गृहस्थ त्याचा प्रमुख. २६ फेब्रुवारी २०१२ ची संध्याकाळ, पाऊस पडत होता. ट्रेव्हॉन मार्टिन हा १७ वर्षांचा कृष्णवर्णी मुलगा वडिलांबरोबर त्या वसाहतीत पाहुणा आला होता. दुकानातून गोळ्यांची पुडी आणि सरबताचा डबा घेऊन तो परत येत होता. झिमरमनला त्याचा संशय आला. त्याने मोटारीतून पोलिसांना फोन केला. मुलगा पळाला तसा हा उतरून मागे निघाला. त्याच्या मागे जाता का, असे पलीकडून विचारले. हा हो म्हणाला, तेव्हा त्याची गरज नाही, असे उत्तर मिळाले.

पुढे काही मिनिटांतच झटापट झाली, गोळी सुटली आणि मुलगा जिथे उतरला होता त्या घराजवळच गेला. त्याच्यापाशी शस्त्र नव्हते.

झिमरमन म्हणाला, मी मोटारीकडे परतत होतो. त्यानेच मला पाडले, माझे डोके फरशीवर आपटले, जीव वाचवायला गोळी झाडली. त्याच्या नाकाला मार होता, डोक्याला मागे खोका होत्या, हेही खरे. पोलिसांनी त्याला त्या रात्री सोडले. देशभर लोक रस्त्यावर आले, तेव्हा कुठे दीड महिन्याने, ११ एप्रिलला, त्याला अटक झाली.

खटला २०१३ साली चालला. न्यायाधीश बाई, आणि ज्यूरीवर सहाही बायका! मी तर वाचताना थांबलेच. झटापटीच्या वेळी शेजारणीने पोलिसांना फोन केला होता, त्यात मागे कुणाचा तरी आक्रोश ऐकू येतो. तो आवाज कोर्टात वाजवला. मुलाची आई म्हणाली, हा माझा ट्रेव्हॉन. झिमरमनची आईही शपथेवर म्हणाली, हा माझा जॉर्ज. एकच आवाज, भगिनींनो, आणि दोन आया. त्या सहा जणींनी काय करावे?

१३ जुलै २०१३ रोजी त्यांनी झिमरमनला निर्दोष सोडले. भाच्याने कारण सांगितले. तिथे आरोपीने स्वसंरक्षण पुढे केले की ते खोटे आहे हे सरकारने निःसंशय सिद्ध करावे लागते. त्या काळोखात दोघेच होते, त्यातला एक बोलायला उरला नाही. शिवाय २००५ सालापासून त्या राज्याचा कायदा असा की, माणूस जिथे हक्काने उभा आहे तिथून त्याने माघार घेतलीच पाहिजे असे नाही. वकिलांनी त्यावर फारसा भर दिला नव्हता, पण ज्यूरीला दिलेल्या सूचनांत ते होते. मागे जाणे हा तर गुन्हाच नव्हे. म्हणजे तोलले गेले ते शेवटचे मिनिट. मुलालाही कुणी अनोळखी आपल्या मागे येतो याची भीती वाटली असेल. पण ती सांगणार कोण?

आपल्याकडे खुनाचा खटला ज्यूरीपुढे चालत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क आपल्याही कायद्यात आहे. १ जुलै २०२४ पासून जी न्याय संहिता लागू झाली तिच्यात कलम ३४ ते ४४. पण आपल्याकडे ते दाखवून देण्याचा भार आरोपीवर असतो. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्कच मिळत नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजाही करता येत नाही. नुसत्या संशयावरून काठी चालवणाऱ्याला कायदा पाठीशी घालणार नाही.

आता घरचे सांगते. सांगू नये असे आमच्या घरच्यांचे म्हणणे होते. मार्च महिन्यात गस्तवाल्यांनी रात्री एक वाजता एका पोराला पाणपोईपाशी हटकले. पोर घाबरून पळाले. पळतो म्हणजे चोरच, म्हणून चौघे मागे धावले. कोपऱ्यात सापडल्यावर त्याने एकाला ढकलले आणि मग काठी बसली. मनगट मोडले. इस्पितळात आईजवळ बसून घरी निघालेले पोर होते ते. हातात रिकामा डबा.

माझा मुलगा घरी येऊन म्हणाला, "आई, तो अंगावर आला."

मी विचारले, "आधी कोण धावले?"

तो काही बोलला नाही. जेवलाही नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन त्या पोराच्या घरी गेले. त्याच्या आईने आम्हांला चहा केला, ते मला फार जड गेले.

गस्त बंद करा असे मी म्हणत नाही. चोऱ्या कमी झाल्या, हे मलाही दिसते. पण मंडळाने बारा शिट्ट्या आणल्या आहेत, कपाटात ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरचे गस्तीला जातात त्यांनी आज जाताना घेऊन जाव्यात. कुणी संशयित दिसला तर लांबून शिट्टी आणि ११२ ला फोन. काठ्या मात्र उद्या सकाळी माझ्या ओट्यावर आणून ठेवाव्यात. आमच्या घरची तिथे आधीच ठेवली आहे.