दुधाचा घोट अडतो तेव्हा

(पालघरनजीक कोळगाव येथे अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पालघर जिल्ह्यातील बालकांच्या आरोग्याचा विषय निघाला, की प्रथम कुपोषणाचा उल्लेख होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु आज मी अशा बालकांविषयी बोलणार आहे, की ज्यांचे वजन घरात अन्न नाही म्हणून नव्हे, तर गिळण्याची शक्ती नाही म्हणून घटते. वजनकाट्यावर दोघांची नोंद सारखीच दिसते. उपाय मात्र सर्वस्वी भिन्न आहेत.

तान्ह्या मुलाचे दूध पिणे आपणांस साधे वाटते. वस्तुतः चोखणे, गिळणे व श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ त्यात साधावा लागतो. मेंदूच्या देठातील व मज्जारज्जूतील चेतापेशी स्नायूंना तशा आज्ञा देत असतात. ‘स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी’ या आनुवंशिक आजारात या पेशीच झिजत जातात. सुमारे १०,००० जन्मांमागे एका बालकास तो होतो. त्याचा तीव्र प्रकार वयाच्या सहा महिन्यांच्या आत दिसू लागतो. हातपाय लुळे पडतात, मान सावरत नाही, रडणे क्षीण होते. बुद्धी मात्र शाबूत असते. मूल आईकडे पाहून हसते, तिला ओळखते. म्हणूनच ‘जरा अशक्त आहे, सुधारेल’ असे म्हणून घरची माणसे थांबतात.

गिळता न आल्याने दूध श्वासनलिकेत उतरते आणि वारंवार न्यूमोनिया होतो. खोकण्याचे बळ नसल्याने कित्येकदा ठसकाही लागत नाही. यास्तव पुढील खुणा ध्यानात ठेवाव्यात : एका वेळचे पाजणे अर्ध्या तासाहून अधिक लांबणे, पिताना घाम येणे व दम लागणे, घशात घरघर, ओठांच्या कडेने दूध ओघळणे, जिभेची बारीक थरथर आणि श्वास घेताना छाती आत ओढली जाऊन पोट फुगणे. अशा मुलास आडवे निजवून पळीने वा बोंडल्याने बळेच दूध ओतू नये. डोके व पाठ उंच धरून थोडे थोडे पाजावे आणि त्वरित डॉक्टरांकडे न्यावे. नाकातून वा पोटात नळी बसवून आहार देण्याचा सल्ला मिळाल्यास घाबरू नये. ती शिक्षा नव्हे, आधार आहे.

हा दोष आई व वडील या दोघांकडून येतो. दोघेही स्वतः निरोगी असतात आणि प्रत्येक गरोदरपणी चारात एक अशी शक्यता राहते. तेव्हा ‘सुनेच्या पायगुणाने झाले’ हे बोल अन्यायाचे आहेत. पुढील अपत्यापूर्वी जनुकीय सल्ला व तपासणी उपलब्ध आहे, हे त्या कुटुंबास सांगणे आपले काम आहे.

२०२१ साली मुंबईतील एका बालिकेसाठी सुमारे १६ कोटी रुपयांचे औषध लोकवर्गणीतून आणले गेले. केंद्र शासनाने त्यावरील आयातकर माफ केला. दूध पिताना जीव गुदमरणे हे तिच्या प्रारंभीच्या लक्षणांपैकी एक होते. त्याच वर्षी मार्चमध्ये दुर्मीळ आजारांविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. २०२२ पासून निवडक उत्कृष्टता केंद्रांत ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे, मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय त्यांपैकी एक होय. ही रक्कम प्रत्येक उपचारास पुरेल असे नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. शिवाय झिजलेली चेतापेशी औषधाने परत येत नाही. म्हणून गमावलेला प्रत्येक आठवडा मोलाचा आहे.

इथेच आपले स्थान महत्त्वाचे ठरते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी याच पालघरात झाला. रुग्णालयात जन्मलेल्या बालकाच्या घरी आशा ताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा जाते, पुढे तिसऱ्या महिन्यात पुन्हा जाते. तज्ज्ञ डॉक्टर ज्या पाड्यावर क्वचित पोहोचतो, तेथे तुम्ही मातेच्या शेजारी बसता. त्या भेटीत केवळ वजन नोंदवू नका. मूल दूध कसे पिते, ते पाच मिनिटे पाहा. शंका येताच बाल स्वास्थ्य पथकास कळवा आणि पुढे तपासणी झाली की नाही, याचा पाठपुरावा करा.

निदान तुम्ही करावे अशी कोणाचीही अपेक्षा नाही. परंतु भुकेले मूल आणि गिळू न शकणारे मूल यांतील भेद प्रथम तुमच्याच दृष्टीस पडू शकतो. तो पडावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.