बॅटरी कोणाच्या हाती?

वसई-विरारच्या गॅरेजांमधून आलेल्या माझ्या कारागीर बंधू-भगिनींनो,

विजेच्या गाड्यांवर बोलण्याआधी आपल्याच गावातल्या एका मुलाची आठवण करू. सप्टेंबर 2022 मध्ये वसईतल्या एका घरात स्कूटरची काढून आणलेली बॅटरी रात्री बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावली होती. पहाटे तिचा स्फोट झाला. तिथेच झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी गेला.

त्या कुटुंबाला दोष देण्याचा अधिकार कोणाला नाही. नालासोपारा-विरारच्या कितीतरी इमारतींत लिफ्ट नाही, खाली पार्किंग नाही, असलेच तर तिथे प्लग नाही. बॅटरी वर नेण्यावाचून माणूस करणार काय? याच अडचणीतून गिऱ्हाईक आता आपल्याला विचारते, ‘कारची बॅटरीही अशी काढून नेता आली तर?’

प्रश्न रास्त आहे. पण 30 किलोवॉट-तासांच्या बॅटरीचे वजन दोनशे किलोंच्या पुढे जाते, दाब तीनशे व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. ती गाडीच्या पोटाखाली बोल्टांनी आवळलेली असते, अनेक गाड्यांत तिच्यातून कूलंटही फिरतो. शिवाय तिचे सील. जुलै 2018 मध्ये वसई पाण्याखाली गेली तेव्हाचे रस्ते आपण पाहिलेत. रोज काढघाल होणाऱ्या बॅटरीत अशा पाण्याचा थेंब शिरणार नाही, याची हमी कोण देईल?

यंत्राने बॅटरी बदलण्याचा प्रयोग झालेला आहे. 2007 मध्ये सुरू झालेल्या ‘बेटर प्लेस’ कंपनीने इस्रायलमध्ये काही मिनिटांत कारची बॅटरी बदलणारी केंद्रे उभारली. मात्र त्या केंद्रांत चालणारी गाडी रेनोची एकच होती. मे 2013 मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. चीनमध्ये ‘निओ’ हेच काम आज करते, तेही मुख्यतः स्वतःच्या गाड्यांसाठी. आपल्याकडे केंद्र सरकारने ऑगस्ट 2020 मध्ये बॅटरीविना वाहन विकायला परवानगी दिली. 2024 मध्ये आलेली एमजी विंडसर तर बॅटरी भाड्याने घेण्याच्या बोलीवर विकत घेता येते. त्यात मालकी वेगळी झाली, बॅटरी मात्र होती तिथेच राहिली.

मालकाने बॅटरी खांद्यावर घेऊन जिना चढावा, असे मला मुळीच वाटत नाही. माझी मागणी निराळी आहे. मालकाच्या इच्छेने, गावातल्या शिकलेल्या कारागिराला ती उतरवता आणि उघडता आली पाहिजे. आपल्यापैकी ज्यांनी बॅटरीचा पॅक आतून पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे, एक मॉड्यूल कमजोर झाले की ओळीने जोडलेला सगळा पॅक त्याच्याच चालीने चालतो. तेवढे एक मॉड्यूल बदलून काम भागत असताना गाडीतला सर्वांत महाग भाग पुरा बदलायला सांगणे, हा मालकावर उघड अन्याय आहे.

हा प्रश्न फार दूरचा नाही. जानेवारी 2020 मध्ये बाजारात आलेल्या टाटाच्या नेक्सॉन ईव्हीच्या पहिल्या गाड्यांची बॅटरीवरची आठ वर्षांची हमी 2028 मध्ये संपू लागेल. त्या गाड्या तेव्हा वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गॅरेजांत येतील. आपण त्यांना परत पाठवणार का?

युरोपीय संघाच्या 2023 च्या बॅटरी कायद्यानुसार, फेब्रुवारी 2027 पासून विजेच्या सायकली आणि स्कूटरसारख्या हलक्या वाहनांच्या बॅटरीतले सेलसुद्धा स्वतंत्र कारागिराला बदलता आले पाहिजेत. कारला ते कलम लागू नाही. आपल्या ग्राहक मंत्रालयाने डिसेंबर 2022 मध्ये उघडलेल्या ‘दुरुस्तीचा हक्क’ पोर्टलमध्ये वाहन क्षेत्र आहे. तिथे कारच्या बॅटरीची दुरुस्ती-पुस्तिका, बीएमएसचे (बॅटरीच्या नियंत्रण-यंत्रणेचे) बिघाड-कोड आणि सुटी मॉड्यूल मिळाली पाहिजेत, हा आग्रह या संमेलनाने ठरावाने धरावा. गृहनिर्माण संस्थांनी आणि महापालिकेने चार्जिंगची सोय खाली, मोकळ्या जागेत करावी. आणि तुम्हा सर्वांना कळकळीची विनंती: प्रशिक्षण आणि इन्सुलेटेड हातमोजे यांशिवाय उच्च दाबाच्या नारिंगी केबलला हात लावू नका. उद्यापासून प्रत्येक गॅरेजने आपल्या एका तरी मुलाला किंवा मुलीला या कामाच्या शिक्षणाला पाठवावे.