राहुटी कोठे उभारावी?

मराठी माणसाची वनभोजनाची हौस जुनी आहे. कार्तिक महिन्यात आवळीच्या झाडाखाली पाने मांडून जेवावयाचे, मुलांनी झाडावर चढावयाचे, मोठ्यांनी सावलीत घटकाभर विसावा घ्यावयाचा, ही चाल कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. परंतु आवळीभोजन कितीही रंगले तरी दिवेलागणीच्या आत मंडळी घरी परतत असत. रानात रात्र काढणे ही गोष्ट निराळी. ती मेंढपाळाला ठाऊक होती, वारकऱ्याला ठाऊक होती, मोहिमेवर निघालेल्या शिपायाला ठाऊक होती. शहरातल्या गृहस्थाला मात्र ती नवी आहे. हल्ली तंबू बाजारात मिळतात, ते दहा मिनिटांत उभे राहतात, आणि त्यामुळे मुक्कामाची कलाही त्या पिशवीतूनच बाहेर पडते असा समज होऊ लागला आहे. तंबू उभारणे सोपे झाले हे खरे. तो कोठे उभारावा हे ठरविणे मात्र पूर्वीइतकेच कठीण राहिले आहे.

जयपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाची कल्पना करावी. नोकरीच्या निमित्ताने ते राजस्थानात आले आणि तेथेच स्थिरावले. राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांची निवासस्थाने याच वस्तीत, रस्ते प्रशस्त, २०१५ पासून वस्तीच्या नावाचे मेट्रोचे स्थानकही झालेले. अशा सुरक्षित ठिकाणी वाढलेली मुले एके संध्याकाळी जाहीर करतात की, या सुटीत नदीकाठी, अरण्याच्या कडेला तंबू ठोकून राहावयाचे. वडील तत्काळ रुकार देतात. घरातली आजी तेवढी विचारते, "अरे, पण कोणती नदी? कोणता महिना? निजणार कोठे? आणि कुणाला सांगून जाणार?" मुलांना हे प्रश्न म्हणजे विघ्न वाटते. वास्तविक सगळी योजना या चार प्रश्नांतच सामावलेली आहे.

पहिला प्रश्न नदीचा. जयपूरला नद्यांचे वैभव नाही. शहरातून वाहणारी द्रव्यवती दीर्घकाळ अमानीशहाचा नाला या नावानेच ओळखली जात होती. पण नाल्यालाही नदीची आठवण असते. जुलै १९८१ च्या महापुरात जयपूरने ती पाहिली. शहराच्या ईशान्येला बाणगंगेवर रामगढचे धरण आहे. महाराजा माधोसिंह यांच्या कारकिर्दीत बांधलेला हा तलाव पुढे जयपूरची तहान भागवू लागला. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यती याच पाण्यावर झाल्या. पुढे पाणलोटात अडथळे उभे राहिले, पाण्याच्या वाटा बुजल्या, आणि जेथे नावा धावल्या तेथे जमीन उघडी पडली. मग जयपूरला दूरच्या नदीकडे हात पसरावा लागला. ती नदी म्हणजे बनास.

बनास कुंभलगढजवळच्या खमनोरच्या डोंगरांत उगम पावते, पाचशे किलोमीटरांहून अधिक अंतर केवळ राजस्थानातूनच वाहते आणि सवाई माधोपूर जिल्ह्यात रामेश्वरजवळ चंबळेला मिळते. टोंक जिल्ह्यात बीसलपूर येथे तिच्यावर १९९९ साली मोठे धरण पुरे झाले. धरणाच्या काठी गोकर्णेश्वराचे बाराव्या शतकातले मंदिर आहे. ते चौहान राजा विग्रहराज चौथा याने बांधले आणि त्याच्या 'बीसलदेव' या नावावरून गावाला नाव पडले. याच धरणाचे पाणी आज जयपूरला पोहोचते. म्हणजे सिव्हिल लाइन्समधल्या स्वयंपाकघरात नळ सोडला की बनासच घरात येते. तिच्याकडे जाणारी वाटही मराठी माणसाला परकी नाही. जयपूरहून टोंककडे निघणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ हाच पुढे कोटा, इंदूर करीत धुळे, छत्रपती संभाजीनगर, बीड आणि सोलापूर गाठतो. टोंक सुमारे शंभर किलोमीटर आहे. बीसलपूर त्याहून थोडे दूर. मुलांना नदी दाखवावयाची असेल, तर जी रोज पेल्यात येते तीच दाखवावी, हे उत्तम.

दुसरा प्रश्न महिन्याचा. जुन्या मराठी फौजांचा परिपाठ असा होता की, पावसाळ्यात छावणी करावी आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मग कूच करावे. त्यामागे केवळ मुहूर्त नव्हता. नद्या उतरलेल्या असत, वाटा सुकलेल्या असत, गुरांना चारा मिळत असे. याच जयपूरच्या मुलखात महादजी शिंद्यांनी जुलै १७८७ मध्ये, ऐन पावसाळ्यात, लालसोटजवळ तुंगा येथे लढाई दिली. फौजेत दाणागोट्याची टंचाई, पगार थकलेले. अखेर काही पलटणी शत्रूला मिळाल्या आणि त्या थोर सेनानीला माघार घ्यावी लागली. शौर्य कमी नव्हते. पुरवठा कमी होता. दोन रात्रींच्या सहलीला एवढ्या मोठ्या दाखल्याची गरज नाही असे कोणी म्हणेल. पण ऋतू आणि शिधा यांचा हिशेब ज्याने चुकविला त्याचा मुक्काम, तो हजारांचा असो वा पाचांचा, सुखाचा होत नाही.

बनासच्या बाबतीत तर ऋतूचा विचार टाळताच येत नाही. तिचे पाणलोट क्षेत्र राजसमंद, चित्तोडगड, भीलवाडा या जिल्ह्यांत पसरलेले आहे. तिकडे पाऊस झाला की बीसलपूरचा जलाशय भरतो, पातळी ३१५.५० मीटरला पोहोचली की दरवाजे उघडावे लागतात. २०१६, २०१९, २०२२, २०२४ अशा वर्षी ते उघडले गेले. त्या दिवशी टोंकचे आकाश निरभ्र असले तरी नदीला त्याचे सोयरसुतक नसते. म्हणून आषाढापासून आश्विनापर्यंत नदीकाठचा मुक्काम वर्ज्यच मानावा. कार्तिक ते माघ हा खरा काळ. त्या दिवसांत हिमालय ओलांडून आलेली चक्रवाकांची जोडपी राजस्थानातील नद्या-तलावांच्या काठी दिसतात आणि पहाटेच्या धुक्यात पाणी शांत असते. थंडी मात्र कडक पडते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान सात-आठ अंशांवर, कधी त्याच्याही खाली उतरते. नदीकाठी गारवा अधिकच जाणवतो. अंगावर घ्यावयाचे पुष्कळ आणि अंगाखाली घालावयाचे थोडे, ही नवख्यांची नेहमीची चूक. थंडी जमिनीतूनच वर येते. एक जाड सतरंजी दोन रजयांचे काम करते.

तिसरा प्रश्न निजण्याचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. नदीची पांढरी वाळू दिसली की मुले तेथेच धावतात. मऊ, सपाट, पाण्याला लागून. तंबूला याहून चांगली जागा कोणती? पण ती वाळू जमीन नव्हे. ते नदीचे अंथरूण आहे आणि नदी केव्हाही त्यावर निजावयास येते. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात व्यास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या एका महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचा एक सहलनियोजक वरच्या धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. पाणी वाढताना दिसले तेव्हा काठ गाठण्यास वेळ उरला नव्हता. धरणाच्या खाली पात्रात मुक्काम करू नये, हा नियम त्या दिवसापासून तरी कोणाला समजावून सांगण्याची गरज पडू नये.

पाणी वाढले नाही तरी धोका संपत नाही. १० जून २०२५ रोजी जयपूरचे ११ तरुण टोंकजवळ बनासवर सहलीला गेले. राजस्थानात पावसाळा अद्याप सुरू झाला नव्हता. उन्हाने त्रासलेली मुले आंघोळीला उतरली आणि खोल पाण्यात सापडली. त्यांपैकी ८ जण परतले नाहीत. बनासच्या वाळूला बांधकामासाठी मोठी मागणी आहे. तिच्या उपशावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले; २०१७ मध्ये न्यायालयाने राजस्थानातील नदीपात्रांतला उपसा रोखला आणि २०२१ मध्ये अटींसह मोकळा केला. जेथे वाळू काढली जाते तेथे तळाला खड्डे पडतात आणि पाणी भरल्यावर ते वरून दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यात चालणाऱ्याचे पुढले पाऊल तळ सोडू शकते. पोहता येते हा भरवसा अशा वेळी उपयोगी पडत नाही, आणि बुडणाऱ्याला धरण्यासाठी एकामागून एक उडी घेणारे मित्रही त्याच खड्ड्यात जातात. म्हणून जेथे स्थानिक माणूस उतरत नाही तेथे पाहुण्याने उतरू नये. सोबत एक लांब दोर असावा. तो काठावरून फेकावयाचा असतो, घेऊन उडी मारावयाची नसते.

मग राहुटी कोठे उभारावी? काठावरची झाडे हे सांगतात. खोडांना, फांद्यांना अडकलेले गवत आणि काडीकचरा म्हणजे गेल्या पुराने लिहून ठेवलेली रेघ. त्या रेघेच्या बरीच वर, किंचित उताराची, मुरमाची जमीन निवडावी. वठलेल्या फांदीखाली किंवा मोहोळाच्या झाडाखाली तंबू नको. गुरांच्या आणि वन्य प्राण्यांच्या पाण्यावर जाणाऱ्या पायवाटाही सोडाव्यात. ती त्यांची वहिवाट आहे. बहुधा अशी जागा एखाद्या शेतकऱ्याच्या बांधालगत सापडते. त्याला विचारून, त्याच्या परवानगीने राहिले तर जागाही मिळते आणि शेजारही मिळतो.

अरण्याच्या बाबतीत परवानगीचा विचार अधिक काटेकोर हवा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये झाला. त्याच्या २७ व्या कलमाने अभयारण्यात प्रवेशावर निर्बंध आहेत. ३० व्या कलमाने अभयारण्याला धोका पोहोचेल अशा रीतीने विस्तव पेटविण्यास मनाई आहे. रणथंभोरसारख्या व्याघ्रक्षेत्रात आपल्या मनाने तंबू ठोकण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही. बीसलपूरच्या भोवतालचा काही भागही संरक्षित म्हणून जाहीर झालेला आहे. तेव्हा निघण्यापूर्वी वनखात्याच्या कार्यालयात चौकशी करावी आणि जेथे मनाई असेल तेथे अरण्याच्या बाहेर राहून अरण्य पाहावे. त्यात काही उणेपणा नाही. आकाशवाणीत दीर्घकाळ काम केलेले व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याच्या रानात राहिले ते तेथील पाहुणे म्हणून; वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी तर आयुष्यच रानात घालविले. या दोघांचे लेखन वाचणाऱ्याला एवढे निश्चित कळते की, रान पाहावयाचे असेल तर प्रथम गप्प बसता आले पाहिजे.

चूल मांडण्याचा मोह टाळून लहान शेगडी न्यावी. वाळलेल्या धोकाच्या रानात ठिणगीला फार वेळ लागत नाही. ऊब यावी म्हणून कोळशाची शेगडी बंद तंबूत ठेवणे हे तर जिवावरचे काम आहे, कारण तिच्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांचे भान ठेवावे. थंडीत ते कमी हिंडतात, पण मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाला दंश करते आणि त्याची वेदनाही फारशी होत नाही. तंबूचे तोंड नीट बंद करणे, बूट झटकून घालणे आणि अंधारात विजेरीशिवाय पाऊल न टाकणे, एवढ्याने बराच धोका टळतो. दंश झालाच तर चिरणे, चोखणे, मंत्र यांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. या चारही सापांच्या विषावर चालणारी प्रतिविषाची लस तेथेच मिळते. पिण्याचे पाणी खळखळ उकळून घ्यावे. भांडी आणि कपडे नदीत धुऊ नयेत. पाणी वर आणून धुवावेत. शौचासाठी पाण्यापासून किमान साठ मीटर दूर खड्डा करून तो बुजवावा.

चौथा प्रश्न, कुणाला सांगून जाणार, हा मुलांना सर्वांत क्षुल्लक वाटतो. पण शोध घेण्याची वेळ आली तर त्याच उत्तरावर सारे अवलंबून असते. कोणत्या गावाजवळ मुक्काम, बरोबर कोण, गाडी कोणती, परत केव्हा, हे एका कागदावर लिहून घरी ठेवावे. ठरल्या वेळी निरोप आला नाही तर वाट किती पाहावयाची आणि मग ११२ वर कळवावयाचे, हेही लिहावे. नदीकाठी भ्रमणध्वनी चालेलच असे नाही. आजीच्या हातातला तो कागद हाच खरा आधार.

एवढा विचार झाल्यावर सिव्हिल लाइन्समधल्या त्या कुटुंबाची योजना बदललेली दिसेल. वाळूवरचा तंबू बांधावर गेलेला असेल, मोठी शेकोटी जाऊन शेगडी आली असेल, पोहण्याचा बेत रद्द होऊन पहाटे पक्षी पाहण्याचा ठरला असेल. मुलांना थोडे निराश वाटेल. पण जलाशयाच्या काठी उभे राहून वडिलांनी सांगावे की, हेच पाणी शंभरावर किलोमीटर चालून घरच्या माठात येते. येथे टाकलेली घाणही याच वाटेने निघते. रामगढचे कोरडे पात्र त्यांनी पाहिलेले असेल, तर अधिक सांगण्याची गरज नाही. नदीवर जाण्याचा हक्क सर्वांना आहे. तिच्या वाटेत न निजणे आणि तिची वाट न अडविणे या अटी त्या हक्काबरोबरच येतात, आणि त्या लहान वयातच कळल्या तर बऱ्या.