दादाभाईंचे वीस रुपये

देशाची कमाई मोजायची म्हणजे नेमकं काय मोजायचं? दादाभाई नौरोजींनी ब्रिटिश हिंदुस्थानासाठी हा हिशेब मांडला. सरकारी अहवालांतले प्रांतवार पिकांचे आकडे धुंडाळून त्यांनी 1867-68 च्या सुमाराचं उत्पन्न काढलं 340 कोटी रुपये. लोकसंख्या 17 कोटी. माणशी वर्षाला अवघे 20 रुपये! तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर याहून जास्त खर्च होतो, हेही त्यांनी सरकारी कागदांवरूनच दाखवलं.

वकील, शिक्षक, हमाल यांच्या सेवांना मात्र त्या हिशेबात जागा नव्हती. आज ती आहे.

खरी गोची होते ती दुहेरी मोजणीत. समजा, शेतकऱ्यानं 100 रुपयांचा कापूस विकला, गिरणीनं त्याचं 160 रुपयांचं सूत काढलं, मागवाल्यानं 250 रुपयांचं कापड विणलं. सरळ बेरीज 510, पण तीत कापसाची किंमत तीनदा आली. म्हणून प्रत्येक टप्प्यावर पडलेली भर तेवढी धरतात: 100, 60 आणि 90. एकूण 250. हीच रक्कम मजुरी, भाडं, व्याज, नफा होऊन कुणाच्या तरी खिशात जाते, आणि गिऱ्हाइकाच्या खिशातून निघते. वाट कुठलीही धरा, उत्तर एकच यायला हवं. प्रत्यक्षात थोडा फरक उरतोच. सांख्यिकी खातं तो ‘विसंगती’ म्हणून प्रामाणिकपणे छापतं.

खानावळीतली पोळी विकली जाते म्हणून या हिशेबात येते, घरची येत नाही.

स्वतंत्र भारतात हा हिशेब मांडायला 1949 साली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. अध्यक्ष होते संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस, सदस्य अर्थतज्ज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ.