वेळेची भिशी

सकाळची कामं आवरली का? नसतील आवरली तरी चालेल. हात चालू ठेवा आणि कान तेवढा इकडे द्या.

तुम्ही मला बचत गटाची सहयोगिनी म्हणून ओळखता. बैठकीला उशीर झाला की कटकट करणारी, प्रोसिडिंग पूर्ण केल्याशिवाय घरी न सोडणारी. पण आज मी हप्ता आणि कर्जफेड यावर बोलणार नाही. आज पळण्याबद्दल बोलणार आहे. हसू नका. पळून जाण्याबद्दल नाही, सकाळी उठून पळण्याबद्दल.

आमचे मिस्टर वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहेत. २०१७ साली कंपनीने त्यांना दोन वर्षांसाठी मेक्सिकोला पाठवलं. मी आणि लेकही गेलो. लेक तेव्हा सहा वर्षांची होती. मेक्सिको म्हणजे अमेरिकेच्या खालचा देश. तिथे तीनशे वर्षं स्पेनचं राज्य होतं, म्हणून लोक स्पॅनिश बोलतात. आमच्या गावाचं नाव केरेतारो. जुनं, देखणं शहर. गावात दगडी कमानींचा एक मोठा पाट आहे, चौऱ्याहत्तर कमानींचा. १७३८ साली त्यावरून गावात पाणी आलं. आणि उंची किती? समुद्रसपाटीपासून सुमारे १८२० मीटर. आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. म्हणजे अख्खं शहर कळसूबाईच्याही वर वसलेलं. तिथे पहिल्या आठवड्यात जिना चढले तरी मला धाप लागायची.

लोकांना वाटतं, परदेशात गेली म्हणजे मजा आहे. मजा होती, नाही म्हणत नाही. पण मिस्टर सकाळी साडेसहाला जायचे ते संध्याकाळी सातला यायचे. लेक शाळेत. मला तिथे नोकरी करायची परवानगी नव्हती. इथे मी बारा गट सांभाळायचे, दिवसाला पन्नास बायकांशी बोलायचे. तिथे दुपारपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही. घरी फोन करावा तर इकडे मध्यरात्र.

लहान मुलं भाषा पटकन उचलतात. सहा महिन्यांत लेक घडाघडा स्पॅनिश बोलायला लागली आणि मी तिचं बोट धरून फिरायला लागले. दुकानात ती बोलायची. शाळेत बाईंशी माझ्या वतीने तीच बोलायची. मला त्याचं कौतुक वाटायचं. पण एक दिवस काय झालं ते सांगते.

मला पाळीचा त्रास होता. रक्त खूप जायचं, दिवसही वाढले होते. मिस्टरांना सुट्टी मिळेना, म्हणून लेकीला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टर विचारत होते आणि ती मला मराठीत सांगत होती. किती दिवस जातं? किती जातं? सात वर्षांची पोर! तिला त्यातलं काय कळणार? तिला एवढंच कळलं की आईच्या अंगातून रक्त जातंय. त्या रात्री मला जाग आली तर ती माझ्या उशाशी उभी. माझ्या नाकाजवळ हात धरून श्वास चालू आहे का बघत होती. मैत्रिणींनो, तो हात मी विसरले नाही. आपल्या शरीराचं बोलणं लेकराच्या तोंडी दिलं, त्याचा भार तिच्यावर पडला, हे मला तेव्हा कळलं. मी ठरवलं, भाषा शिकायची. पण बोलायचं कोणाशी?

आमच्या कोपऱ्यावर वह्या-पेन्सिलींचं दुकान होतं. दुकानवाली बाई पन्नाशीची, ठेंगणी, मला रोज "ब्वेनोस दियास" म्हणायची, म्हणजे शुभ सकाळ. एकदा तिने खुणेनं विचारलं, सकाळी येतेस का पळायला? मी मान हलवली. खरं सांगते, प्रश्न नीट न कळताच हलवली! दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला ती दारात हजर.

गावात एक छोटी टेकडी आहे, सेरो दे लास काम्पानास. म्हणजे घंटांची टेकडी. तिथल्या दगडांवर दगड मारला की घंटेसारखा नाद येतो, म्हणून हे नाव. याच टेकडीवर १८६७ साली मेक्सिकोचा परका बादशहा माक्सिमिलियन याला गोळ्या घातल्या होत्या. आता तिथे झाडं आहेत, पायवाटा आहेत आणि सकाळी चालणारी-पळणारी माणसं आहेत. आमच्या दहाजणी. कोणी शिक्षिका, कोणी घरकाम करणारी, एक सत्तरीची आजी. मी पंजाबी ड्रेस, ओढणीला कमरेला गाठ आणि पायात लेकीच्या शाळेसाठी आणले तसलेच साधे बूट. दोनशे पावलांत माझा जीव घाबरा झाला. मला वाटलं, या हसणार. पण त्या ओरडायला लागल्या, "आनिमो! सी से प्वेदे!" आनिमो म्हणजे हिंमत धर. सी से प्वेदे म्हणजे जमतं, होतं गं! तिकडे पळणाऱ्याला रस्त्यावरचा अनोळखी माणूसही असंच ओरडून बळ देतो.

पळता पळता मी भाषा शिकले. गुडघा म्हणजे रोदिया. थकले म्हणजे कान्सादा. चक्कर म्हणजे मारेओ. पुस्तकातून शिकले असते तर आधी टेबल, खुर्ची, खिडकी शिकले असते. इथे आधी शरीराचे शब्द आले. आणि बायका एकत्र आल्या की शरीराचं बोलणं होतंच, मग देश कुठलाही असो.

सगळ्या पुढे जायच्या आणि मी मात्र तीन महिन्यांनंतरही धापा टाकायचे. मी म्हणायचे, उंचीमुळे. एक दिवस त्या शिक्षिकेने माझी खालची पापणी ओढून बघितली. "आनेमिया," ती म्हणाली. हा शब्द कळायला भाषांतर लागलं नाही. या वेळी मी दवाखान्यात एकटी गेले. तुटक का होईना, माझं मी बोलले. किती दिवस, किती रक्त, कधीपासून. लेक शाळेत होती, तिच्या मैत्रिणींमध्ये. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८.६. बाईचं बारा तरी हवं. पाळीवर उपचार सुरू झाले आणि लोहाच्या गोळ्या कितीतरी महिने घेतल्या. डॉक्टरांनी बजावलं, आधी औषध, मग पळणं. तोवर फक्त चालायचं.

हे तुम्हाला मुद्दाम सांगतेय. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातल्या १०० पैकी ५७ बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. आपल्याला दम लागतो, पाय गळतात, आणि आपण म्हणतो, काम फार झालं, वय झालं. तसं म्हणून सोडू नका, रक्त तपासून घ्या. आणि गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्या.

आता घरातलं सांगते. आठवड्यातून तीन दिवस सकाळी सहा ते सात मी बाहेर. मिस्टरांना निघायचं साडेसहाला. डबा कोण करणार, लेकीला शाळेसाठी कोण तयार करणार? पहिल्या आठवड्यात मी साडेचारला उठून सगळं करून जायचे. दुसऱ्या आठवड्यात तापाने पडले. मिस्टर म्हणाले, "कशाला हवंय हे नसतं खूळ?" सासूबाईंनी फोनवर विचारलं, "कोणाला भिऊन पळतेस गं?" मी हसले, पण आतून लागलं. मी पळणं बंद करायच्या बेतात होते.

पण आमच्या पळणाऱ्या बायकांची एक तांदा होती. तांदा म्हणजे हुबेहूब आपली भिशी. दहाजणींनी दर आठवड्याला ठरलेली रक्कम भरायची, चिठ्ठ्या टाकून नंबर काढायचे आणि दर आठवड्याला एकीने उचल घ्यायची. सातासमुद्रापार भिशी बघून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं! त्यांची वही मी मागून घेतली. सवयच आपली. चाळता चाळता मनात आलं, आपल्या घरातसुद्धा एक भिशी चालू आहे. पैशांची नाही, वेळेची.

मी कॅलेंडरच्या मागे तीन रकाने आखले. मिस्टर, लेक, मी. आठवडाभर लिहीत गेले, कोणाला स्वतःसाठी किती वेळ मिळाला. मिस्टरांच्या रकान्यात क्रिकेटची मॅच होती, मित्रांचे फोन होते, रविवारची झोप होती. लेकीच्या रकान्यात खेळ, चित्रं, शेजारणीचा वाढदिवस. माझ्या रकान्यात एकच नोंद होती. दवाखाना.

रविवारी जेवणानंतर मी तो कागद पुढे ठेवला. तिकडे जेवण झालं की लगेच कोणी उठत नाही, गप्पा मारत तासभर बसतात. त्याला ते सोब्रेमेसा म्हणतात. ही पद्धत आम्हीही उचलली होती. मी म्हटलं, "अहो, या भिशीत मी लग्नापासून भरतेय. माझी उचल कधी?" ते बराच वेळ कागद बघत बसले. मग म्हणाले, "मला वेणी घालता येत नाही." मी म्हटलं, "शिकून घ्या."

मैत्रिणींनो, ते शिकले. कंपनीत सांगून आठवड्यातून तीन दिवस एक तास उशिरा जायचं ठरवलं, त्या दिवशी रात्री उशिरा यायचे. लेक दोन महिने वाकड्या वेण्या घालून शाळेत गेली. एक वर, एक खाली. आभाळ कोसळलं नाही. उलट बापलेकीला एक तास मिळाला, जो आधी कधीच नव्हता. आजही तिला शाळेतलं काही सांगायचं असलं की ती आधी त्यांना सांगते. मला थोडी असूया वाटते, पण चालायचंच.

दुसऱ्या वर्षी मी दहा किलोमीटरच्या शर्यतीत भाग घेतला. नंबर? विचारू नका. माझ्या मागे थोडेच लोक होते. पण मी पोचले. शेवटच्या वळणावर लेक उभी होती आणि तिथल्या पोरांसारखी गळा फाडून ओरडत होती, "सी से प्वेदे, आई!" त्यातला "आई" तेवढा मराठी होता.

त्या देशाच्या उत्तरेला डोंगरात रारामुरी नावाचे आदिवासी राहतात. पिढ्यान्‌पिढ्या पळणारे लोक. त्यांच्या बायका काठीने कडी उडवत तिच्यामागे मैलोन्‌मैल पळण्याचा खेळ खेळतात. त्यांच्यातल्या लोरेना रामिरेस या मुलीने २०१७ साली पन्नास किलोमीटरची डोंगरातली शर्यत जिंकली, तीही आपल्या रोजच्या घेरदार झग्यात आणि टायरच्या तळाच्या चपलांत. मी गेले तेव्हा सगळे तिच्याबद्दल बोलत होते. मला आपल्या बारामतीच्या लता करे आठवल्या. नवऱ्याच्या उपचारांसाठी साठी ओलांडल्यावर नऊवारीत अनवाणी पळणाऱ्या. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर तर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावली. त्यांच्यासाठी आपण टाळ्या वाजवतो. पण शेजारची सून सकाळी पळताना दिसली की म्हणतो, हिला घरात काम नाही वाटतं!

हे मी दुसऱ्यांना का म्हणू? २०१९ ला परत आले आणि मी स्वतः आठ महिने पळले नाही. लोक काय म्हणतील या भीतीने. बूट कपाटावर, पिशवीत बांधलेले. ते खाली काढले ते सासूबाईंनी. त्यांना साखरेचा त्रास सुरू झाला होता, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. म्हणाल्या, "मला एकटीला लाज वाटते. तू पुढं पळ, मी मागनं चालते." कोणाला भिऊन पळतेस विचारणाऱ्या त्याच सासूबाई!

रस्त्यावर अंधार, कुत्री, उसाचे ट्रॅक्टर. म्हणून आम्ही गटाच्या बैठकीत ठराव केला आणि शाळेचं मैदान सकाळी साडेपाच ते साडेसहा उघडून मागितलं. तीन चकरा मारल्यावर चावी मिळाली. आज अकराजणी येतात. चौघी पळतात, बाकीच्या चालतात. साडी आहे, गाऊनवर ओढणी आहे, चप्पल आहे, कॅनव्हासचे बूट आहेत. कोणी कोणाला हसत नाही. सगळ्यांनी आधी रक्त तपासून घेतलं. सहाजणींचं कमी निघालं, त्यांच्या गोळ्या चालू आहेत.

प्रत्येकीने पळायलाच हवं असं माझं म्हणणं नाही. कोणाला भजन आवडेल, कोणाला वाचन, कोणाला नुसतं ओट्यावर शांत बसणं. पण या आठवड्यात एक करा. कॅलेंडरच्या मागे रकाने आखा. घरात जितकी माणसं तितके रकाने. सात दिवस खरंखरं लिहा. मग जेवणं झाल्यावर, सगळ्यांचं पोट भरलेलं असताना, तो कागद पुढे ठेवा. भांडू नका. एवढंच विचारा, माझी उचल कधी?

आणि पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना तो कागद घेऊन या. प्रोसिडिंगमध्ये लिहून घेऊ.